जामीनदाराची सही



इथे बहुतेक जण जुन्या वाड्यांच्या, शाळेच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या आठवणी लिहितात. मीही वाचतो, बरं वाटतं. आज मात्र जरा वेगळं लिहितोय. लिहावं की नाही यावर घरात दोन-तीन दिवस बोलणं झालं. शेवटी सौ. म्हणाली, "लिहा. आपल्या लोकांत अशी चार घरं तरी असतील, दार लावून बसलेली." म्हणून लिहितो.

मी इंदूरचा. आजोबा होळकरांच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. मी बी.कॉम. करून १९७२ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो, २००९ साली अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आज माझं वय ७६, सौ. ७१ ची. आम्हाला दोन मुलं. मुलगा १९८१ चा, मुलगी १९८५ ची. मुलगी त्याला दादा म्हणायला लागली, मग आम्हीही, मग सगळी गल्ली. म्हणून इथेही दादाच लिहितो.

दादा जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला प्राणवायू कमी पडला. त्याचा अर्थ काय हे आम्हाला कळायला दोन वर्षं लागली. तो चौथ्या वर्षी चालला. बोलतो थोडं, साठ-सत्तर शब्द, तेही घरच्यांनाच कळतात. मधूनमधून फिट येते, त्याच्या गोळ्या चालू आहेत. समज चार-पाच वर्षांच्या मुलाची, असं कागदावर लिहिलेलं आहे. मला ते वाक्य पटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव नसतो. लग्नकार्यात कोण आपल्याशी बोलतं आणि कोण आपल्याला बघून खुर्ची सरकवतं, हे दादाला नीट कळतं.

रविवारी सकाळी तो आणि मी पोहे-जलेबी खायला जायचो. तीस वर्षं एकच दुकान. दुकानदार विचारायचाही नाही, दादाच्या प्लेटमध्ये सेव कमी आणि जिरावन अजिबात नाही हे त्याला पाठ. असं आयुष्य चाललं होतं. "आमच्यानंतर काय" हा प्रश्न घरात होता, पण तो देवघराच्या खालच्या कप्प्यासारखा. तिथे काय आहे हे सगळ्यांना माहीत, उघडत कोणी नाही. मी आपला फिक्स्ड डिपॉझिट करत गेलो. बँकवाल्याला वाटतं, पैसा ठेवला म्हणजे सोय झाली.

२०२२ च्या जुलैत मी मागच्या अंगणात शेवाळावर घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अकरा दिवस हॉस्पिटलात. सौ. माझ्याजवळ, मुलगी पुण्याहून निघालेली. मधले तीन दिवस दादा शेजारच्या काकूंकडे होता. त्या बिचाऱ्यांनी काही कमी केलं नाही. पण दादाने पायातले बूट काढले नाहीत. तीन रात्री बूट घालूनच झोपला, झोपला म्हणजे पडून राहिला. कोणी काढायला गेलं की ओरडायचा. काकूंना कारण कळेना. मुलगी आली, तिने बघितलं आणि तिला लगेच कळलं. आम्ही बाहेर जाताना त्याला बूट घालतो. आई-बाबा न्यायला येतील तेव्हा आपली तयारी असावी, म्हणून तो बूट घालून बसला होता.

हे मला हॉस्पिटलमधून घरी आल्यावर कळलं. पायाच्या दुखण्यापेक्षा ते जास्त दुखलं.

त्या महिन्यात मुलगी घरीच होती. एका रात्री दादा झोपल्यावर मी म्हणालो, "आता तूच आहेस बाळा त्याला. आमच्यानंतर त्याला पुण्याला ने. पैशाची काळजी करू नको, मी सगळं ठेवलंय." मला वाटलं, ती हो म्हणेल आणि आम्ही सगळे निवांत झोपू. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, मी सहावीत असल्यापासून तुम्ही हे धरून चालला आहात. मला एकदाही विचारलं नाहीत. माझं लग्न ठरवताना त्यांच्या लोकांनाही सांगितलं नाहीत. मी दादाला टाकणार नाही. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दोघं नोकरीवर, सासूबाई गुडघ्यांनी बसलेल्या, मी त्याला सांभाळू शकेन असं खोटं कसं सांगू?"

सौ. ला ते लागलं. ती उठून आत गेली. मला मात्र राग आला नाही, लाज वाटली. सदतीस वर्षं बँकेत काढली. जामीनदाराची सही घेतल्याशिवाय मी कोणाला स्कूटरचं कर्जही दिलं नाही. जामीनदाराला समोर बसवून विचारायचो, "तुम्हाला माहीत आहे ना, याने नाही भरलं तर तुम्हाला भरावं लागेल?" आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या जबाबदारीला मी पोटच्या मुलीला जामीनदार करून ठेवलं होतं, न विचारता, न सही घेता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वही घेऊन बसलो. मुलीने पानावर दोन रकाने पाडले: मी काय करू शकते, काय करू शकत नाही. पहिल्यात तिने लिहिलं: कायद्याने त्याची पालक होईन, पैशाचा हिशेब बघेन, महिन्यातून एकदा येईन, आजारपणात येईन, जिथे राहील तिथे त्याला नीट ठेवतात की नाही हे बघेन. दुसऱ्यात एकच ओळ: रोजचं करणं जमणार नाही. ते पान अजून माझ्या फाइलमध्ये आहे. आमच्या घरात या विषयावरचा पहिला खरा कागद तोच.

आता कागदांबद्दल थोडं, कारण ते उपयोगाचं आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याची समज कितीही असो. हे मला, बँक अधिकाऱ्याला, स्वतःच्या मुलाच्या बाबतीत नीट ठाऊक नव्हतं. बँकेतली एक गोष्ट अजून सलते. २००३-०४ च्या सुमारास एक बाई आपल्या मोठ्या मुलाला घेऊन काउंटरवर आल्या. त्याच्या नावावरचे पैसे हवे होते, त्याला सही येत नव्हती. मी नियमावर बोट ठेवून सांगितलं, कोर्टाचा हुकूम आणा. त्या परत आल्याच नाहीत. खरं म्हणजे राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालीच झाला होता. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (कायद्यातला शब्द हाच आहे) आणि बहुविकलांगता असलेल्या मोठ्या माणसासाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते, कोर्टात जावं लागत नाही. समितीत कलेक्टर, नोंदणी झालेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. त्या समितीचं प्रमाणपत्र चालेल, असं रिझर्व्ह बँकेने २००७ साली बँकांना कळवलं. मला त्या बाईंना हे सांगता आलं असतं तर! माझ्याही घरी तसाच मुलगा होता, आणि मी तिला नियम सांगत होतो.

तर आम्ही मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत अर्ज केला. काठी टेकत चार-पाच फेऱ्या झाल्या, काम झालं. मी पालक झालो. माझ्यानंतर मुलगी अर्ज करणार, तिची संमती लेखी घेऊन ठेवली आहे. पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. लोकांना ही कटकट वाटते, मला उलट बरं वाटलं. उद्या माझ्या जागी कोणीही आलं तरी हिशेब मागणारं कोणी तरी आहे.

बाकीचं थोडक्यात सांगतो. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी करून घ्या, त्यावाचून पुढचं काही हलत नाही. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, तीही घ्या. बँकेच्या किंवा सरकारी पेन्शनवर असाल तर अशा मुलाचं नाव आपण जिवंत असतानाच पेन्शनच्या कागदांत नोंदवून ठेवा. नियमांत बसत असेल तर दोघांच्या पश्चात त्याला जन्मभर फॅमिली पेन्शन मिळते, पण मागून धावाधाव करायला तेव्हा आपण नसतो. माझी एक चूकही सांगतो. प्रेमापोटी मी दोन डिपॉझिटवर दादाचंच नाव नॉमिनी म्हणून घातलं होतं. ज्याला सही येत नाही त्याला नॉमिनी करणं म्हणजे पैसा तिजोरीत ठेवून किल्ली विहिरीत टाकणं. बदललं. मग वकिलाकडून मृत्युपत्र केलं आणि दादाच्या नावाने एक खासगी न्यास. विश्वस्त तिघे: मुलगी, इंदुरातला पुतण्या आणि माझा बँकेतला एक धाकटा सहकारी. तिघांना आधी विचारलं. एकाने नाही म्हटलं होतं, त्याच्या जागी दुसरा घेतला. नाही म्हणणाऱ्याचा मी आभारी आहे, त्याने खरं सांगितलं.

कागद झाले, पण खरा प्रश्न तसाच होता. दादा राहणार कुठे?

सौ. चं म्हणणं सरळ होतं. "मी गेल्यावर न्या त्याला कुठे न्यायचं ते. माझ्या डोळ्यांदेखत नको." मी तिला काही बोलू शकत नव्हतो. चव्वेचाळीस वर्षं त्याला आंघोळ तिने घातली, मी नाही.

आमच्या ओळखीत एक कुटुंब होतं. त्यांचा मुलगा दादापेक्षा थोडा लहान, खास शाळेत दोघं बरोबर होते. आई आधी गेली, मग वडील. तेरावं झालं आणि चौथ्या दिवशी चुलतभावाने त्याला एका लांबच्या संस्थेत नेऊन ठेवलं. चुलतभाऊ वाईट नव्हता, त्याचाही इलाज नव्हता. पण त्या मुलाचे वडील, घर, अंथरूण, गल्ली, ताट-वाटी, सगळं एका पंधरवड्यात गेलं. तो बोलायचा तेवढंही बोलणं थांबलं. सौ. त्याला भेटायला गेली होती. परत येताना गाडीत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी मेले त्याच दिवशी त्याचं घरही जायला नको. बघूया कुठे काय आहे ते."

आम्ही पाच ठिकाणं पाहिली, दोन महाराष्ट्रात, तीन इकडे. नावं लिहीत नाही. एक गोष्ट शिकलो. ऑफिसात बसून माहितीपत्रक बघू नये. दुपारी जेवणानंतर न सांगता जावं, संडास-बाथरूम बघावं, आणि तिथे राहणाऱ्यांच्या हाता-पायाची नखं बघावी. भिंती रंगवता येतात, चाळीस जणांची नखं कोणी पाहुण्यांसाठी कापत नाही. एका ठिकाणी भलंमोठं सभागृह होतं आणि दारांना बाहेरून कड्या. तिथून आम्ही चहा न घेता निघालो.

शेवटी दोन उरली. एक पुण्याजवळ: मराठी वातावरण, मुलगी तासाभरावर, पण आम्ही दोघं इथे. दुसरं इंदूरपासून तासाभराच्या आत: लहान, चौदा जणांचं, स्वच्छ, पण सगळा कारभार हिंदीत. दादाला हिंदी कानावर आहे, पोहेवाल्याचं कळतं, पण दुखतंय, भूक लागली, भीती वाटते, हे सगळं त्याचं मराठीत. चार पिढ्या इंदुरात राहूनही घरात मराठीच बोलायचं, हा आमचा अभिमान. मुलीला बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी, सगळं आलं. दादाला मात्र ती एकच भाषा राहिली. आपण प्रेमाने दिलेली गोष्टच त्याच्या वाटेत येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

महिनाभर विचार केला. मग इंदूरजवळचंच ठरवलं. कारण एकच: जोवर आमचे पाय चालतात तोवर त्याला घरी आणता यावं आणि तिथे जाता यावं. पुढे मुलीला वाटलं तर ती त्याला पुण्याला नेईल, तसं न्यासाच्या कागदांत लिहिलं आहे. आणि भाषेसाठी आम्ही एक वही केली. सौ. सांगत गेली, मी लिहीत गेलो, मुलीने टाइप केलं. एका बाजूला दादाचा शब्द, दुसऱ्या बाजूला हिंदीत अर्थ. "मंमं" म्हणजे जेवण नव्हे, फक्त वरणभात. "आलं आलं" म्हणजे फिट येण्याआधी त्याला काहीतरी जाणवतं ते, लगेच खाली बसवा. "बाबा बँक" म्हणजे कोणी तरी बाहेर गेलंय, परत येईल ना? मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तो प्रश्न अजून तसाच विचारतो. मग बाकीचं: गोळी पाण्याबरोबर नको, दह्यात. मिक्सरचा आवाज सहन होत नाही. उजव्या कुशीवर झोपतो. उशाशी दिवा हवा. रागावला तर आवाज चढवू नका, पंखा बंद-चालू करायला सांगा, शांत होतो. अशी अडतीस पानं झाली. तेव्हा मला कळलं, हे सगळं आजवर फक्त सौ. च्या डोक्यात होतं. डिपॉझिटच्या पावत्या मी पाच ठिकाणी नोंदवून ठेवल्या होत्या, आणि खरी ठेव कुठेच लिहिलेली नव्हती.

२०२३ च्या दिवाळीनंतर सुरुवात केली. आधी आम्ही दोघं त्याच्याबरोबर दिवसभर बसायचो. मग दिवसा तो एकटा. मग एक रात्र. त्या रात्री सौ. ने त्याचं ताट वाढलं आणि मग तशीच बसून राहिली. फोन आला, "अंकल, भैया सोए नहीं, जूते पहनकर बैठे हैं." मी गाडी काढायला उठलो. सौ. नेच मला थांबवलं. म्हणाली, "सकाळी जाऊ. आपण येतो, हे त्याला कळलं पाहिजे. रात्री गेलो तर हे कळेल की बूट घातले की येतात." अख्खी रात्र आम्ही दोघं हॉलमध्ये बसून होतो. सकाळी सातला तिथे पोचलो. दादा फाटकाजवळ होता. आम्हाला बघून हसला नाही, रडलाही नाही. माझ्या हाताला धरून आत घेऊन गेला आणि त्याची खाट दाखवली.

सोपं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात त्याला खोकला झाला, वजन तीन किलो उतरलं, तेव्हा आम्ही त्याला पंधरा दिवस घरी आणलं आणि सगळं सोडून द्यायचा विचार केला. नातेवाइकांत बोलणं झालंच. "एवढी वर्षं सांभाळलं आणि म्हातारपणी टाकलं," हे एका कार्यात माझ्या पाठीमागे कोणी म्हणालं, मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. काय देणार? टाकलं नाही हे दादाला कळतं का, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता.

आता दीड वर्ष होत आलं तो तिथे सोमवार ते शुक्रवार राहतो. शुक्रवारी संध्याकाळी घरी, रविवारी पोहे-जलेबी, सोमवारी सकाळी परत. तिथली मुलं त्याचे शब्द शिकली आहेत. एक काम करणारी बाई "भैया, मंमं आया" म्हणते, आणि वरणभात असेल तरच म्हणते. दादाच्या बोलण्यात दोन-तीन हिंदी शब्द आले आहेत. परवा घरी जेवताना सौ. ने भात वाढला तर हात आडवा धरून म्हणाला, "बस." सौ. हसली आणि मग पदराने डोळे पुसले. आमच्याकडे तो कधी पुरे म्हणत नसे, आपण वाढू तेवढं खायचा.

सगळं सुटलं असं नाही. संस्था चालवणारे दोघंही साठीच्या पुढचे आहेत, त्यांच्यानंतर काय हा प्रश्न आहेच. महिन्याचा खर्च वाढतो, व्याज वाढत नाही. सौ. अजून सोमवारी सकाळी नीट जेवत नाही. मुलगी महिन्यातून एकदा येते, हिशेबाची फाइल बघते, प्रश्न विचारते, आणि मग दादाच्या शेजारी गादीवर झोपते, लहानपणी झोपायची तशी. ती आता मोकळेपणाने येते. आधी या घरात शिरताना तिच्या चेहऱ्यावर काय असायचं, ते मला उशिरा कळलं.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना एवढंच सांगतो. कागद करा, पण आधी दुसऱ्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारा. आणि ती "एवढं जमेल, एवढं नाही" म्हणाली तर रागावू नका, तेच लिहून घ्या. मग आपल्या मुलाचे शब्द एका वहीत उतरवा. कलेक्टर कचेरीच्या अर्जाबद्दल किंवा न्यासाच्या कागदांबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, मला वेळ आहे. फक्त शुक्रवारी संध्याकाळनंतर उत्तर मिळणार नाही. दादा घरी असतो.